खंडेनवमीची उलटतपासणी

सरकारी वकिलाला पक्षकार निवडता येत नाही. टेबलावर फाइल येते, ती घ्यायची. आमच्या कार्यालयात कुठली फाइल कोणाला द्यायची हे एक वरिष्ठ ठरवत, आणि त्यांनी माझ्यासाठी एक वेगळा ढीग राखून ठेवला होता. बँकेतली अफरातफर, पुढाऱ्यांची मारामारी, ज्यांची बातमी पेपरात येणार ती प्रकरणं दुसऱ्यांना. नाल्यात कोणी काय सोडलं, विहिरीचं पाणी का फेसाळलं, भट्टीच्या धुरानं कोणाच्या डोळ्यांना इजा झाली, ती सगळी मला. "गटारवाल्या बाईंच्याकडं द्या," असं ते शिपायाला सांगत. मधे प्लायवूडची भिंत होती. प्लायवूडमधून सगळं ऐकू येतं.

मी ते विसरले नाही. आजही विसरलेले नाही, आणि विसरावं असं मला कधी वाटलंही नाही.

मी उचगावची. आमच्या वस्तीतली पहिली वकील, आणि परीक्षा देऊन सरकारी वकील झालेलीही पहिलीच. आई राजारामपुरीच्या गल्ल्यांतून भाजीची पाटी घेऊन फिरायची. सकाळी ती मार्केटात माल घ्यायला जायची, तेव्हा शाळेआधी मी बरोबर असायची. तिची खरेदीची एक रीत होती. ती भाव विचारायचीच नाही. आधी मालाला नाव ठेवायची. "वांगी शिळी दिसत्यात," म्हणायची आणि गप्प उभी राहायची. शेतकरी चिडायचा. कुठल्या रानातली, कधी तोडली, किती वाजता गाडीत भरली, सगळं शपथेवर सांगून टाकायचा. बोलता बोलता दोन पाट्या कालच्या आहेत हेही सांगून जायचा. मग आई त्या दोन पाट्यांचा भाव करायची.

कायद्याच्या कॉलेजात मला उलटतपासणी शिकवली ती पुस्तकातून. तोवर मी ती मार्केटात पाहिलेली होती.

ज्या खटल्याबद्दल लिहितेय, तो सुरू झाला तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहराच्या कडेला क्रोम प्लेटिंगचा एक कारखाना होता. मोटारसायकलींचे सुटे भाग तिथं चकचकीत करून मिळत. कारखान्याच्या मागून नाला जात होता, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, एक बौद्ध वस्ती होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्या वस्तीतल्या पाच बायका नाल्यावर धुणं धूत होत्या. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहारात पांढरी साडी नेसून जायचं, म्हणून सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या धुण्यात होत्या. पाणी एकदम पिवळसर झालं. बायका साड्या वाचवायला आणखी आत उतरल्या. दुपारपर्यंत पाचही जणींचे पाय पोटऱ्यांपर्यंत आणि हात मनगटापर्यंत भाजले होते.

चौघी महिन्याभरात बऱ्या झाल्या. पाचवी झाली नाही. ती सगळ्यात जास्त वेळ पाण्यात होती. पन्नाशीची विधवा बाई, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. पोरांची खिचडी, उसळ तीच शिजवायची. तिच्या पायांवर आणि मनगटांवर गोल, खोल जखमा झाल्या आणि त्या भरेनात. गावात कुजबुज सुरू झाली की हिला अंगावरचा रोग आहे. मग एक दिवस तिला सांगितलं, जखमा बऱ्या होईपर्यंत चुलीकडे येऊ नका. जखमा वर्षभरात बऱ्या झाल्या. वण राहिले. तरी तिला कोणी परत बोलावलं नाही. पोरांचे आईबाप नको म्हणतात, एवढंच उत्तर मिळे.

माझ्याकडे फाइल आली तेव्हा तिनं मला पहिल्याच भेटीत विचारलं, "वकीलबाई, ह्यो रोग न्हवता असं कोर्ट लिवून देतंय का?"

मी म्हटलं, खटला जिंकलो तर देतं.

"मग जिंका की," ती म्हणाली, जणू मीच अडवून धरलं होतं.

जिंकायला माझ्या हातात फारसं काही नव्हतं. प्रदूषण तपासणाऱ्या खात्याचा माणूस तीन दिवसांनी आला होता. तोवर सगळं पाणी वाहून गेलेलं. त्याच्या बाटलीत नाल्याचं नेहमीचं पाणी आलं. पोलिसांनी पंचनामा केला, त्यात नाल्याची लांबी-रुंदी व्यवस्थित होती, साड्यांचा उल्लेखच नव्हता. मी मावशीला (तोवर मी तिला मावशी म्हणायला लागले होते) विचारलं, त्या दिवशीची साडी कुठंय? डाग पडलेली पांढरी साडी कोर्टात मांडली असती तर ती कुठल्याही साक्षीदारापेक्षा मोठ्यांदा बोलली असती.

"वाकळंत घातली," मावशी म्हणाली.

माझा पारा चढला. पुरावा होता तो, गोधडीचं कापड नव्हे, असं मी तिला कोर्टाच्या भर व्हरांड्यात सुनावलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मावशी शांतपणे उठली, पिशवी काखेत मारली आणि म्हणाली, "डाग पडलेली साडी मी वरीसभर पेटीत ठेवून काय करू? पोलीस आलं, त्येनी इचारली न्हाय. तुम्ही आज इचारताय. थंडी त्येच साली आलती."

ती गेली. तीन दिवस मला तोंड दाखवायला जागा नव्हती. चौथ्या दिवशी मी वस्तीत जाऊन तिच्या दारात चहा प्यायले. माफी मागणं मला जमत नाही. चहा मात्र दोनदा मागून घेतला.

डॉक्टरांची साक्ष अर्धी माझ्या बाजूनं, अर्धी विरुद्ध गेली. मावशी पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेली, तिथल्या डॉक्टरनं केसपेपरवर चिखल्या लिहिलं होतं. पावसाळ्यात सतत पाण्यात राहणाऱ्या बायकांची बोटं कुजतात, त्या चिखल्या. बचावाचे वकील त्या एका शब्दाला धरून बसले. ते कोल्हापुरातले नामांकित, वडीलही वकील, आजोबाही वकील. आवाज कधी चढवत नसत. मी उभी राहिले की मात्र नाकाला लावायला रुमाल शोधत असल्यासारखं खिशात हात घालत, आणि आजूबाजूचे तरुण वकील हसत.

चिखल्यांना मी उत्तर दिलं. त्या बोटांच्या बेचक्यात होतात, पोटरीवर नाही, आणि मनगटावर तर नाहीच, हे मी त्याच डॉक्टरकडून वदवून घेतलं. पण इजा पाण्यातल्या कशानं तरी झाली, एवढंच त्यातून सिद्ध झालं. ते पाणी त्या कारखान्यातून आलं हे कोण सांगणार? नाल्यावर आणखी दोन-तीन कारखाने होते.

आणि मग बचावानं आपला हुकमी पत्ता टाकला. आरोपी, म्हणजे कारखान्याचे मालक, यांचं म्हणणं, त्या दिवशी कारखाना बंद होता.

मी घरी येऊन जुनं कॅलेंडर शोधलं. दसऱ्याचा आदला दिवस. खंडेनवमी. माझ्या हातातलं कॅलेंडर खाली पडलं नाही, पण पडल्यासारखंच वाटलं. कोल्हापुरात खंडेनवमीला कुठलाही कारखाना चालत नाही. लेथ नाही, भट्टी नाही, कंप्रेसरसुद्धा नाही. मशिनींची पूजा असते. आमच्या बायकांनी त्या दिवशी धुणं काढलं ते दुसऱ्या दिवसासाठी, आणि आम्ही कोणीही, मी धरून, नवमीचा विचार केला नव्हता. आम्ही बौद्ध, आमच्या घरात तो दिवस मोजतच नाहीत.

त्याच आठवड्यात बचावाचे वकील बाररूमच्या दारात थांबले. फार गोड बोलले. मालक माणूस चांगला आहे, बायकांचा खर्च देतो, आपसात मिटवून टाकू. एकच अट, तक्रार गैरसमजातून झाली असं बायकांनी लिहून द्यायचं. अशा गुन्ह्यात जखमी माणूस तयार असेल तर कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते. चौघी तयार होत्या, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी मावशीला विचारलं.

"गैरसमज म्हंजे मला रोग हुता असंच की," ती म्हणाली. "न्हाय."

मग मी वकिलांना सांगितलं की गैरसमज हा शब्द काढा आणि पाणी तुमचं होतं असं लिहा, मी आजच मिटवते. ते हसले. कारखाना बंद असताना पाणी कुठून येणार मॅडम, असं म्हणाले, आणि खिशात हात घातला.

तो हात बघून मी इतकी पेटले की त्या संध्याकाळी स्कूटर सरळ भावाच्या घरी वळवली. माझा धाकटा भाऊ एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. नेमकं काय विचारायचं ते मला माहीत नव्हतं. मी नुसती मालकांना, वकिलांना, नवमीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. भाऊ जेवत होता. तो म्हणाला, "अक्का, खंडेनवमीला मशीन बंद असत्यात. माणसं बंद नसत्यात. वर्षातनं सगळ्यात जास्त आम्ही त्याच दिवशी राबतोय. मशिनीला आंघोळ घालायची असती की."

मी विचारलं, प्लेटिंगवाल्यांच्या टाक्यांनाही?

"ते मला काय ठावं. पण घाण टाकीला हळदकुंकू कोण लावंल?"

पुढच्या तारखेला बचावाचा साक्षीदार आला, कारखान्याचे मेस्त्री. वीसएक वर्षं एकाच ठिकाणी काम केलेला, साठीकडे झुकलेला माणूस. धुवट सदरा, डोक्यावर टोपी, बोटांची नखं कायमची पिवळी. सरतपासणीत, म्हणजे आधी बचावाच्या वकिलांनी विचारलं तेव्हा, त्यांनी ठणकावून सांगितलं की त्या दिवशी एकही मशीन चालू नव्हतं, एकही माल टाकीत बुडवला नाही. ते खोटं बोलत नव्हते. हे मला पहिल्या मिनिटात कळलं, आणि मला आनंद झाला. खोटं बोलणाऱ्याला घोळात घेणं अवघड असतं, तो प्रत्येक शब्द मोजतो. खरं बोलणारा मोकळा असतो.

मी उभी राहिले. वकिलांचा हात खिशात.

मी विचारलं, खंडेनवमीला कारखान्यात पूजा असते का.

"असती की. मालक सहकुटुंब येत्यात. पेढं असत्यात."

"म्हणजे रोजच्या तेलकट, कळकट मशिनींपुढं मालकीणबाई बसतात?"

मेस्त्र्यांची मान ताठ झाली. "कळकट?"

मी कागद चाळत राहिले, जणू हे सोडून पुढं जायचंय.

"बाई, तुम्ही येऊन बघा एकदा," मेस्त्री म्हणाले. "आमच्या कारखान्यातली फरशी बघा. माझ्या हाताखालची पोरं सकाळी सहाला येत्यात त्या दिवशी. पूजा दुपारची, तवर सगळं चकाचक. आजूबाजूचं कारखानदार बघाय येत्यात."

वकील उठले. पूजेचा आणि खटल्याचा काय संबंध, असा आक्षेप घेतला. न्यायाधीश तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. कारखाना बंद होता हे बचावानंच मांडलंय, त्या दिवशी काय झालं ते ऐकू, असं ते म्हणाले.

"मशिनी पुसत असाल," मी म्हटलं. "टाक्या मोठ्या असतात, त्या काही दरवर्षी धुणं होत नाही."

आता मेस्त्री माझ्याकडे नाही, न्यायाधीशांकडे वळून बोलायला लागले. त्यांचा राग खरा होता. क्रोमचं पाणी ते पिंपात काढून ठेवतात, कारण ते मालकाचं सोनं आहे. खालचा गाळ खरवडतात. अ‍ॅसिडचं टाकं तर पूर्ण उपसतात, वर्षाचं जुनं झालेलं असतं. मग नळी लावून दहा-दहा पाण्यांनी टाक्या धुतात. "आत त्वांड दिसतंय, साहेब. मग हळदकुंकू. वीस वर्सं झाली, एकदाबी चुकवलं न्हाय."

"त्या वर्षी चुकवलं?"

"न्हाय म्हन्तोय की."

मी बसले नाही, आणि बोललेही नाही. मेस्त्री आपण बरोबर बोललो की नाही हे बघायला मालकांकडे वळले. मालकांचा चेहरा त्यांनी पाहिला. काय झालं ते त्यांना तेव्हाही कळलेलं नव्हतं.

"धुतलेलं पाणी कुठं जातं, मेस्त्री?"

वकिलांचा हात खिशातून बाहेर आलेला होता.

"मोरीतनं जातंय."

"मोरी कुठं निघते?"

"मागं."

"मागं काय आहे?"

"नाला," मेस्त्री म्हणाले.

न्यायाधीशांनी टायपिस्टला थांबवलं आणि कोर्टाच्या भाषेत वाक्य सांगितलं. हे खरे आहे की, घटनेच्या दिवशी सकाळी कारखान्यातील टाक्या धुतल्या व ते पाणी मागील बाजूच्या नाल्यात गेले. टाइप झालं. मेस्त्र्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते ऐकलं, चष्मा लावला, आणि पिवळ्या नखांच्या बोटांनी अक्षर अक्षर लावत सही केली. खाली उतरताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "मी खरं तेच बोललोय, बाई." मी म्हटलं, हो, आणि तुमच्याइतकं खरं या खटल्यात कोणी बोललं नाही. ते मी चिडवायला म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते लागलं असणार. त्यांची नोकरी गेली नाही. टाक्यांची नस दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती.

निकाल लागला त्या दिवशी मी कोटाचा काळा रंग उडालाय म्हणून ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या वकीलबाईंचा कोट मागून घातला होता. मालकांना दोषी धरलं. कैद आणि दंड. अपिलात कैद कमी झाली, दोष तसाच राहिला. निकालात एक परिच्छेद मावशीवर होता. तिच्या जखमा कोणत्याही रोगाच्या नसून रासायनिक पाण्याने झालेल्या आहेत, असं स्वच्छ लिहिलं होतं. बाररूममध्ये मी मुद्दाम चहाला गेले, आणि मुद्दाम खिडकीजवळच्या, म्हणजे नेहमी त्या वकिलांची असायची, त्या खुर्चीवर बसले. कोणी उठवलं नाही. ते आले, शेजारची खुर्ची ओढून बसले, आणि म्हणाले, "मॅडम, तो साक्षीदार मीच बोलावला होता." मी म्हटलं, म्हणून तर चहा तुम्हाला माझ्याकडून.

पुढच्या वर्षी औद्योगिक वसाहतीतल्या मालकांनी एकत्र येऊन नवमीला टाक्या धुतलेलं पाणी टँकरनं न्यायची व्यवस्था केली. त्याच सुमारास प्रदूषणाच्या खटल्यांवर बोलायला म्हणून मोठ्या शहरातून आमच्या कार्यालयाला बोलावणं आलं. वरिष्ठ स्वतः गेले. हारतुरे घेतलेला त्यांचा फोटो पेपरात आला, आणि खाली आमचा खटला त्यांनी कसा लढवला ते चार ओळींत होतं. मी ते कात्रण कापून ठेवलंय. बढतीच्या यादीत पुढं दोनदा माझं नाव खाली सरकलं, ती दोन्ही परिपत्रकंही ठेवलीत. अजून ती कोणाला दाखवायचीत हे ठरवलेलं नाही.

पण मावशीचं सांगते. निकालाची नक्कल मिळाल्या दिवशी मीच ती घेऊन तिच्या घरी गेले. तो परिच्छेद वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग मी म्हटलं, चला, आत्ताच अंगणवाडीत जाऊ, त्यांच्यापुढं कागद ठेवू, उद्यापासून काम सुरू.

"मी न्हाय जायची," मावशी म्हणाली.

मला वाटलं ती घाबरली. मी आवाज चढवला. इतकी वर्षं कशासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढलो, असं काहीतरी बोलले.

"पोरी, गप बस जरा," ती म्हणाली. "त्येनी मला घालवली. त्येनी यावं."

ती कागद घेऊन विहारात गेली, आणि एका मास्तरांकडून तो सगळ्यांसमोर वाचून घेतला. मग घरी येऊन बसली. मी दुसऱ्या दिवशी गेले, ती बसलेली. तिसऱ्या दिवशी गेले, बसलेली. मला राहवेना. सरपंचांना मी भेटते म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसले. कागद मात्र गावभर फिरला होता. त्याच्या झेरॉक्स कोणी काढल्या ते अजून कळलं नाही.

सहाव्या दिवशी सरपंच आले, बरोबर अंगणवाडीच्या सेविका आणि पोरांच्या दोन-तीन आया. मी योगायोगानं तिथं होते, असं मी त्यांना सांगितलं. सरपंचांनी पाणी प्यायलं, पावसापाण्याचं विचारलं, आणि मग म्हणाले की झालं गेलं ते सोडा, उद्यापासून या.

मावशीनं चुलीत फुंकर घातली. घर धुरानं भरलं, सगळे डोळे चोळायला लागले. सरपंच पुन्हा म्हणाले, या म्हणतोय की. ती गप्प. सेविका म्हणाल्या, हवं तर हाताखाली एक बाई देऊ. मावशी गप्प. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात सरपंचच म्हणाले, "मग काय पायजे, बोला तरी."

"तितं गॅस बसवा," मावशी म्हणाली. "पोरास्नी धुराची खिचडी नगं."

दोन आठवड्यांनी गॅस बसला. पहिल्या दिवशी मी सुट्टी टाकून गेले. पोरं ओळीनं ताटल्या घेऊन बसली होती, आणि दाराशी आया उभ्या होत्या, काही बघायला, काही खात्री करायला. मावशीनं बाह्या वर सारल्या, मनगटावरचे वण सगळ्यांना दिसतील अशा, आणि पहिल्या पोराच्या ताटलीत डावभर खिचडी वाढली. पोरगं म्हणालं, आणखी.